अकरा हजार पंचवीस

हर्णैच्या बंदराजवळ माझं दुकान.
बोटींचे फिश फाइंडर, वायरलेस, जीपीएस,
खाऱ्या हवेनं हिरव्या पडलेल्या पिना.
दिवसभर दुसऱ्यांची यंत्रं.
रात्री नऊनंतर
माझं स्वतःचं.

चाळीस मीटरवर वेंगुर्ल्याचे बाबुली गिरप भेटतात,
एसटी डेपोतले निवृत्त मेकॅनिक,
माझ्यापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठे.
चित्रं पाठवतात, आवाजातून.
शिट्टी चढते, शिट्टी उतरते,
आणि माझ्या स्क्रीनवर ओळीखाली ओळ
दोन मिनिटांत त्यांचं अख्खं परडं येतं.

पण वाकडं येतं.
खाली उतरता उतरता सगळंच उजवीकडे घसरतं:
रहाट, दोरीवरची लुंगी,
खुंट्याची कालवड.
जणू कोणी कागद धरून
हळूच ओढत नेलाय.

"तुमचा कॅमेरा तिरपा आहे."
"गो जुबेदाबाय, कॅमेरो सरळ आसा.
तुझी पेटी वाकडी."

हेल मोडमध्ये तर अक्षरं टाइप होतच नाहीत,
ठिपक्याठिपक्यांनी रंगवली जातात.
बाबुली विचारतात, जेवलंस काय,
आणि त्यांचं जेवण माझ्याकडे जिना चढत जातं.
जुन्या माणसांना हे ठाऊक असणार.
म्हणून त्यांनी प्रत्येक ओळ दोनदा छापायची सोय केली,
एकीवरून शब्द निसटला
तर दुसरीवर सापडावा.

मी मात्र तीन महिने बाबुलींनाच दोष दिला.
त्यांच्या केबलला, अँटेनाला,
एकदा तर त्यांच्या चष्म्याला.

लिलावाच्या काट्यात
किलोमागे अर्धा ग्रॅम खोट असली
तर कोलंबीच्या पाटीवर कोण भांडणार?
ट्रक भरला, की पाच किलो सुरमई
कुठे गेली म्हणून आरडाओरडा.
तसंच हे.
'हॅलो' एवढ्यात चूक मावून जाते.
दोन मिनिटं सलग ऐकत बसलं
की बाहेर पडते.

शेवटी एका रात्री शटर खाली ओढलं,
पंखा बंद केला,
कार्ड वीस मिनिटं तापू दिलं
आणि दहा मेगाहर्ट्झवर गेले.
तिथे कुठल्यातरी परक्या देशाचं घड्याळ
कोणासाठी थांबत नाही,
टिक्,
टिक्,
मध्येच समुद्रासारखी खरखर,
पुन्हा टिक्.
प्रत्येक टिकेचा एक ठिपका,
ठिपक्यांची रेघ.
ती उभी यायला हवी होती.
कलली.

पहिल्या ठिपक्यावर क्लिक, शेवटच्यावर क्लिक.
कार्डाच्या डबीवर छापलंय
सेकंदाला अकरा हजार पंचवीस नमुने.
माझं कार्ड घेत होतं अकरा हजार एकोणतीस.
चार जास्त.
दापोलीच्या मोबाइलवाल्याकडून अडीचशेला घेतलेलं,
घाईत जन्मलेलं बिचारं,
आणि आपण वेळेवर आहोत असं समजणारं.

किती तांडेलांना मी काउंटरवरून सुनावलंय,
यंत्र खोटं नसतं,
तुम्ही ते कधी ताडून बघितलं नाही.
त्या रात्री काउंटरच्या अलीकडे
मी एकटीच होते.

आकडा भरला. दुसऱ्या दिवशी बाबुलींची शिट्टी आली.
रहाट सरळ.
लुंगी सरळ.
कालवड चारही पायांवर.
मी खुर्चीतच पुढे सरकले
आणि बघते तर विहिरीमागचा माड
तसाच, डावीकडे कललेला.

पुन्हा सेटिंग उघडलं.
अठ्ठावीस करून बघू? तीस?
माइक दाबला,
"बाबुली, अजून थोडा कल राहिलाय,
माडापाशी."

खरखरीतून आधी हसू आलं,
मग खोकला, मग ते:
"तो माड वाकडोच आसा गो.
वादळात कललो, पडूक नाय.
औंदा नारळ बरे लागलेत.
त्येका सरळ करू नको."

वहीत नोंद केली:
कार्ड अकरा हजार एकोणतीस.
पत्रा तापला की पुन्हा मोजणे.
सिग्नल पाच-नऊ-पाच.
चित्र सरळ,
माड वगळून.